बॉनेट दाबणारी माणसं

नवी गाडी पार्किंगमध्ये आली की सोसायटीतली माणसं तिच्याकडे लांबून बघतात, हात पाठीमागे बांधून. "केवढ्याला पडली?" विचारतात, आकडा ऐकतात आणि घरी जाऊन त्यावर बोलतात. जुन्या गाडीशी असं परकेपणाने कुणी वागत नाही. तिच्या टपावर भाजीची पिशवी टेकवता येते, बंपरवर पाय ठेवून बुटाची नाडी बांधता येते, मागच्या काचेवरच्या धुळीत मुलांना एकमेकांची लफडी जाहीर करता येतात. आणि तिचा मालक पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसलेला दिसला, तर येणारा-जाणारा कुणीही काही न विचारता पुढे होतो आणि बॉनेट दाबतो.

परीक्षा मुळात खरी आहे. गाडीच्या एका कोपऱ्यावर अंगाचा भार देऊन सोडायचं. कोपरा वर येऊन तिथेच थांबला तर शॉकअप धडधाकट. डोलत राहिला तर आतलं तेल गेलं. पण ही परीक्षा एकदा घ्यायची असते. आमच्याकडे ती दूधवाल्याने घेतली, वॉचमनने घेतली, दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांनी घेतली (ते पाटबंधारे खात्यात होते, पण दाबणं ते दाबणंच), आणि सेक्रेटरींनी तर दोन्ही बाजूंनी घेऊन "डावी जास्त गेलीय" असा अहवाल दिला. अख्ख्या गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. त्यात बॉनेटच्या पत्र्याच्या वाट्याला काय येणार? दुपारपर्यंत शॉकअपबद्दल एकमत झालं आणि बॉनेटला खळी पडली.

गाडी म्हणजे मारुती ८००, १९९८ची, वडिलांनी घेतलेली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मालकाच्या हाती किल्ली दिली आणि १८ जानेवारी २०१४ला शेवटची ८०० बनली. मधल्या तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाने ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडरांकडून काय करून घेतलं नाही? लग्नाचा बस्ता, अष्टविनायक, दहावीच्या परीक्षेचं केंद्र, कोकणातून आंब्याच्या पेट्या, आणि मागच्या सीटवर चौघं बसलेले असताना पाचव्याला "या हो, थोडं सरकू". सरकत कुणीच नसे. खाली शॉकअप सरकत.

पुढच्या सस्पेन्शनचं दुखणं डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं. खड्ड्यात चाक पडल्यावर खोल 'धप्प' आलं तर शॉकअप तळाला टेकतोय. बारीक खडबडीत रस्त्यावर 'टक-टक-टक' चालू झालं तर स्टॅबिलायझर बारचे रबरी बुश झिजलेत. जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना 'कट्ट' झालं तर शॉकअपच्या डोक्यावरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग गेलं. आणि सगळीकडे, सारखं, 'खुळखुळ' येत असेल तर डिकीतला जॅक सुटलाय. गॅरेजात या चौथ्या आजारावरही पहिल्या तिघांचंच औषध देतात.

आपल्याकडे डावी बाजू आधी जाते, यामागे माझा एक सिद्धांत आहे. आपण डावीकडून चालतो आणि रस्त्याची सगळी पापं डाव्या कडेला असतात: ड्रेनेजची झाकणं, केबलसाठी खणून मनाविरुद्ध बुजवलेले चर, पेव्हर ब्लॉक संपून डांबर सुरू होतं तिथली पायरी, आणि मांडवाचे खांब उपटल्यावर मागे राहिलेली भोकं. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे चालवणारा या सगळ्यापासून लांब. डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या मात्र ते पायाखालीच घडतं. "आवाज येतोय" हे बायकोने मला दिवाळीत सांगितलं. मला तो होळीच्या सुमारास ऐकू आला. यात दुर्लक्षाचा प्रश्न नाही, ध्वनिशास्त्र आहे.

काम घरीच करायचं ठरलं. त्याला भाच्याची तात्काळ मान्यता मिळाली, पण एका अटीवर. "मामा, नुसतं बदलू नको. अपग्रेड कर." भाच्याचं वय बावीस, स्वतःची गाडी नाही, त्यामुळे ज्ञान अमर्याद. त्याने कॉइलओव्हर सुचवले, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंगसकट शॉकअप. पॉलियुरेथेनचे बुश सुचवले. तेरा इंची अलॉय सुचवले. "आणि दोन इंच लोअर कर. कॉर्नरिंग कसलं भारी होईल बघ."

कॉर्नरिंग हा विषय मी गंभीरपणे घेतला. आमच्या गल्लीत वळण एकच आहे. त्याच्या एका कोपऱ्यावर कचऱ्याचा कंटेनर आणि दुसऱ्यावर कायमचा उभा केलेला टेम्पो. तिथे कॉर्नरिंग पहिल्या गिअरमध्ये, आरसा आत घेऊन आणि टेम्पोखालच्या कुत्र्याच्या परवानगीने होतं.

लोअर करण्याचा विचार शेवटी गतिरोधकाने हाणून पाडला. गतिरोधक कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने ९९ क्रमांकाच्या पुस्तिकेत लिहून ठेवलंय: रुंदी ३.७ मीटर, मध्यभागी उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जावी. वाचताना डोळे पाणावतात. आमच्या गल्लीतला गतिरोधक एका बंगल्याच्या स्लॅबमधून उरलेल्या काँक्रीटचा आहे. त्याची उंची उरलेल्या मालाने ठरवली आणि रुंदी फावड्याने. त्यावरून मूळ उंचीची ८०० सुद्धा तिरकी घालावी लागते, एकेक चाक समजूत काढत. दोन इंच खाली आणली असती तर ती त्यावर कायमची बसली असती आणि पुढच्या गणपतीत तिच्यावर मंडप पडला असता.

शिवाय तळमजल्यावरचे एक काका आरटीओत होते. ते खिडकीतूनच म्हणाले, "मोटार वाहन कायदा, कलम ५२. उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळे फेरफार चालत नाहीत." आणि खिडकी लावून घेतली. भाचा पुष्कळ वेळ त्या खिडकीकडे बघत होता.

मग बेत माफक केला. मूळ मापाच्याच पण नव्या स्प्रिंगा, तेलाच्या जागी गॅसचे शॉकअप, वरची माउंटिंग, बंप स्टॉप, धुळीचे रबर, खालच्या आर्मचे बुश, टायरॉड एंड. यादी घेऊन नाना पेठेत गेलो. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात गिऱ्हाइकाने आधी बोलायचं नसतं. दुकानदार जुना भाग हातात घेतो, उलटा करतो, आणि आपल्याकडे असं बघतो की तो भाग आपणच झिजवला.

"कुठलं मॉडेल?"

"अठ्ठ्याण्णव."

"कार्बोरेटरवाली." हा प्रश्न नव्हता. "ओरिजनल देऊ का चांगला देऊ?"

या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गिऱ्हाईक गोंधळतं, दुकानदार मागच्या माळ्यावर जातो आणि त्याला जो द्यायचा असतो तो घेऊन येतो. मी गॅसचाच पाहिजे म्हणून अडून बसलो. त्याने खोका काढून दिला आणि जाता जाता स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफरही गळ्यात मारून पाहिले. हे बफर म्हणजे आपल्याकडचा खास प्रकार: स्प्रिंग बसली की तिच्या दोन वेढ्यांच्या मध्ये रबराचं कडं दाबून घालायचं. गाडी उचलल्यासारखी दिसते, स्प्रिंगचा एक वेढा कामातून जातो, आणि उरलेल्या वेढ्यांना त्याचंही काम करावं लागतं. सरकारी कचेऱ्यांत हा बफर फार पूर्वीपासून वापरात आहे. मी नको म्हणालो.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी उचलली. जॅकवर नुसती सोडून तिच्या खाली हात घालायचा नसतो, खाली घोडी लावावी लागते, म्हणून घोड्या भाड्याने आणल्या होत्या. त्या पाहून तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी दुखावले. त्यांच्याकडे बाथरूमच्या कामातल्या विटा होत्या. "अहो, विटांवर आमच्या सासऱ्यांनी अख्खी फियाट सहा महिने ठेवली होती." वीट भाराखाली आधी काही न सांगता फुटते, हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "आमच्या विटा नाही फुटत," आणि दोन विटा माझ्याजवळ आणून ठेवल्या. त्यांच्या मनाचं समाधान म्हणून मागच्या चाकांना त्यांची उटी लावली.

पुढे खरं काम. मॅकफर्सन स्ट्रट ही या गाडीच्या पुढच्या चाकांची रचना. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनियर जनरल मोटर्समध्ये एका छोट्या, स्वस्त शेव्हरोलेवर काम करत होता. कंपनीने ती गाडी बासनात गुंडाळली, तो फोर्डमध्ये गेला आणि १९५० साली इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांखाली त्याचा स्ट्रट आला. आधीच्या गाड्यांत चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये स्प्रिंग, शेजारी शॉकअप असा मोठा संसार असे. आपल्या पद्मिनीखाली तो शेवटपर्यंत होता. मॅकफर्सनने वरचा आर्म काढून टाकला आणि सगळी कामं एकाच दांड्यावर घातली. तो चाकाला उभं धरतो, स्प्रिंगला बूड देतो, हिसके जिरवतो आणि स्टिअरिंग फिरवलं की स्वतःही फिरतो. म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन: गेट त्याच्याकडे, पाण्याचा पंप त्याच्याकडे, पार्सलं त्याच्याकडे, आणि काही बिघडलं की बोलणी पण त्यालाच.

एव्हाना प्रेक्षक जमले होते. त्यांच्यात वाद पेटला तो गॅसवरून. "गॅस संपला की भरून मिळतो का?" दूधवाल्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. बुकिंग किती दिवस आधी करावं लागतं, हेही कुणीतरी विचारलं. मी सांगितलं की आत तेलच असतं, त्याच्या जोडीला दाबाखाली नायट्रोजन असतो, एवढंच. चाक सारखं वरखाली झालं की साध्या शॉकअपातल्या तेलाला फेस येतो, आणि फेस बारीक भोकांतून सळकन निघून जातो, अडवत काहीच नाही. वरून नायट्रोजनचा दाब असला की फेस धरत नाही. "म्हणजे फेस येऊ नये म्हणून," दूधवाला म्हणाला. त्याला ते लगेच पटलं.

निवृत्त इंजिनियरांना मात्र पटलं नाही. त्यांच्या मते शॉकअप गाडीचं वजन उचलतो, म्हणून गॅस भरलेला जास्त उचलणार. हा समज त्यांचा एकट्याचा नाही, निम्म्या महाराष्ट्राचा आहे. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजनाला हातही लावत नाही. तो फक्त स्प्रिंगला आवरतो, तिची उसळी तेलात घुसळून तिची ऊब करून टाकतो. लांबच्या खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो तो यामुळे. "ऊब!" इंजिनियर म्हणाले. त्यांनी लगेच धरणाच्या सांडव्याखाली पाण्याची ताकद कशी जिरवतात ते सांगायला घेतलं. ते खरोखर चांगलं होतं, आणि त्यांचं शॉकअपबद्दलचं मत त्यातच बुडून गेलं.

टायरॉड एंड काढायची वेळ आली तेव्हा जमाव सरसावला. त्याचा दांडा निमुळता असतो आणि आपल्या भोकात वर्षानुवर्षं रुतलेला असतो. ओढून, हलवून, शिव्या देऊन तो निघत नाही. प्रत्येकाने ओढून पाहिलं. तेवढ्यात कपड्यांचं गाठोडं सायकलवर टाकून इस्त्रीवाला आला. सकाळपासून बॉनेट न दाबलेला इमारतीतला तो एकमेव माणूस. थोडा वेळ बघून तो हळूच म्हणाला, "साहेब, त्याला ओढू नका. ज्या डोळ्यात तो बसलाय ना, त्या डोळ्याला बाजूनं हातोडा द्या. नट पूर्ण काढू नका, दोन आटे राहू द्या." मी एक टोला दिला. दुसऱ्या टोल्याला 'टण्ण' होऊन दांडा सुटला आणि नटावर लटकला. टाळ्या पडल्या. त्या कुणाला, हे स्पष्ट नव्हतं, तरी इंजिनियरांनी मान लववली.

इस्त्रीवाला लहानपणी लातूरला गॅरेजात पोऱ्या होता. हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, कारण इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. ब्रेकचा होज ताणू नये म्हणून त्याने तो तारेने बांधून दिला. वरचे नट शेवटी सैल करायचे हे सांगितलं. मग गर्दीकडे वळून म्हणाला, "आता स्प्रिंग दाबायचीय. जरा मागं सरा."

गर्दी चांगली दहा पावलं मागे गेली. स्प्रिंग कंप्रेसर म्हणजे आटे असलेल्या दोन सळया. समोरासमोर आकडे अडकवायचे आणि दोन्ही बाजू पाळीपाळीने, थोड्या थोड्या आवळत जायचं. एक बाजू जास्त आवळली की स्प्रिंग वाकडी होऊन निसटू पाहते. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये एवढी ताकद असते की तिच्या समोर तोंड ठेवू नये आणि ती दबल्याशिवाय वरच्या नटाला हात लावू नये. सकाळपासून पहिल्यांदाच पार्किंगमध्ये कुणी सल्ला दिला नाही. सेक्रेटरी खांबामागून बघत होते. त्यांचा फक्त चष्मा दिसत होता.

जुना शॉकअप बाहेर आला. त्याचा दांडा हाताने आत ढकलला तो आतच राहिला, वर यायची इच्छाच दाखवीना. नवा ढकलला तर तो सावकाश, आपल्या गतीने वर आला. मुलांनी तो खेळ इतका उचलून धरला की नवा शॉकअप गाडीखाली जायच्या आधीच रनिंगमध्ये आला.

बाकीची जोडणी उलट क्रमाने, म्हणजे पुस्तकांत एका ओळीत आणि प्रत्यक्षात संध्याकाळपर्यंत. खालच्या आर्मचा बोल्ट इंजिनियर तिथल्या तिथे घट्ट करा म्हणत होते. इस्त्रीवाल्याने पुन्हा हळूच सांगितलं, "बुशचा बोल्ट गाडी जमिनीवर उतरवल्यावर टाइट करा. अधांतरी आवळला तर रबर पिळलेलं राहतं, लवकर फाटतं." ते अगदी बरोबर आहे. चाक लोंबकळत असताना आर्म खाली झुकलेला असतो. तशात बोल्ट आवळला की गाडी खाली ठेवताच रबराला पीळ बसतो आणि तो पीळ कधीच उतरत नाही. पण हे त्याच्या तोंडून आलं म्हणून कुणी ऐकलंसं केलं नाही. पाच मिनिटांनी भाच्याने हेच मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा सगळे "अरे वा" म्हणाले. इस्त्रीवाला हसला, मला पाना दिला आणि दुसऱ्या विंगेतले शर्ट पोचवायला निघून गेला.

गाडी खाली ठेवली आणि नवंच लचांड दिसलं. पुढच्या स्प्रिंगा नव्या, मागच्या पंचवीस वर्षं बसून बसून बसलेल्या. गाडीचं नाक वर आणि बूड खाली. उभी असूनही ती हिंजवडीचा घाट चढताना दिसत होती, आणि हिंजवडीला घाट नाही. आता प्रत्येक जण विचारू लागला, "मागे काय भरलंय?" काहींनी डिकी उघडून खात्री केली. दोघांनी मागून दाबून पाहिलं. म्हणजे परीक्षेचं केंद्र बदललं, एवढंच.

अलाइनमेंट करून घेतली. नवे शॉकअप घातल्यावर ती केल्याशिवाय गाडी चालवत राहू नये. टो बिघडला की टायर एका बाजूने खरवडून निघतात. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, त्या दुकानात एसी होता.

सिट्रोएनचे पिएर-ज्यूल बूलांजे यांनी १९३०च्या दशकात आपल्या इंजिनियरांना म्हणे अशी अट घातली होती की अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून गाडी नेली तरी एक अंडं फुटता कामा नये. त्यातून टूसीव्ही जन्मली. आमच्याकडे कसोटी आमटीच्या डब्याची असते. धाकट्या बहिणीकडे जाताना बायकोच्या मांडीवर गोड्या आमटीचा डबा होता. आवाज एकही नव्हता. ना धप्प, ना टक-टक, ना कट्ट. गाडी खड्ड्यात जायची, एकदाच वर यायची आणि विषय संपवायची. फक्त गॅसचे शॉकअप मूळच्यापेक्षा कडक असतात, त्यामुळे रस्त्यावरचा खडा तर कळायचाच, खड्याची जातही कळायची. "याला फीडबॅक म्हणतात मामी," भाचा मागून म्हणाला. मामीने डब्याखालचा ओला रुमाल त्याला दाखवला. आमटी सांडली नव्हती, झाकणाच्या कडेने झिरपली होती. त्याचा दोष मी डब्याच्या रबराला दिला, आणि तो खरंच त्याचाच होता. ते रबरही १९९८चंच असावं.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पार्किंगच्या जागेत वाहनांची दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. जमिनीवर ऑइलचे डाग पडतात व येण्याजाण्यास अडथळा होतो. हुकुमावरून.' खाली सेक्रेटरींची सही, शिक्का आणि अंमलबजावणीची तारीख. मी वाचत उभा असताना सेक्रेटरी स्वतःच मागून आले. त्यांची सॅन्ट्रो गेटजवळ उभी होती, पुढचं डावं चाक बाहेरच्या बाजूला वळवून.

"तो स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर परत केलात का हो?"

"नाही अजून."

"आणि घोड्या?"

"त्याही आहेत. पण नोटीस..."

त्यांनी नोटिशीवरच्या तारखेवर बोट ठेवलं. "उद्यापासून आहे ती. तुम्ही पाने घेऊन या, मी इस्त्रीवाल्याला हाक मारतो."